फी भरते, मग अट घालू का?

एका वाचक भगिनीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून: त्यांच्याकडे सहा वर्षं एक बाई घरकामाला येतात. वय तिशीच्या आतबाहेर, तीन मुलं. थोरली मुलगी सहावीत, हुशार आहे. तिच्या शाळेची फी दोन वर्षांपासून वाचक भगिनी भरतात. गेल्या महिन्यात कळलं, की बाईंना पुन्हा दिवस गेले आहेत. वाचक भगिनी चिडून बोलून गेल्या, "अजून किती? तुम्हा लोकांना कळत कसं नाही?" त्यावर "एक गेलाय ना ताई," एवढंच म्हणून बाई भांडी घासायला लागल्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं. वाचक भगिनींच्या पतींचं मत असं, की फी बंद करावी. मदत मिळते म्हणून या लोकांचं फावतं आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली ती अशानेच. या दाम्पत्याला स्वतःचं एकच अपत्य आहे, ठरवून. प्रश्न असा: "फी चालू ठेवावी, पण बाळंतपणानंतर तिने ऑपरेशन करून घेतलंच पाहिजे, अशी अट घालावी का? मला ते योग्य वाटतं आणि तरीही झोप लागत नाही."

*

अट घालू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुमचं नाही, त्यांचं आहे. "एक गेलाय ना ताई." तुम्ही ते लिहिलंत आणि लगेच पुढच्या ओळीत ८०० कोटींवर गेलात. मी मात्र तिथेच अडकले. माझ्या आजीला कुणी विचारलं, "मुलं किती?" तर ती म्हणायची, "झाली नऊ, राहिली पाच." एका दमात, हिशेब सांगावा तसं. लहानपणी मला त्या 'झाली' आणि 'राहिली'मधल्या फरकाचं काही वाटायचं नाही. आता वाटतं, की लोकसंख्याशास्त्राचं निम्मं पुस्तक त्या चार शब्दांत होतं. तुमच्या मोजणीत हे चौथं मूल आहे. त्यांच्या मोजणीत पाचवं. दोघींचं गणित बरोबर, फक्त तुम्ही राहिलेली मोजताय आणि त्या झालेली.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं घेऊ, कारण ते तुमच्या मनातही थोडं आहे, नाहीतर तुम्ही पत्र लिहिलंच नसतंत. गरिबाला मदत केली की तो पोरं वाढवतो, हा युक्तिवाद सव्वादोनशे वर्षांचा आहे. १७९८ साली इंग्लंडमध्ये थॉमस माल्थस या पाद्र्याने तो छापला, तोही तुमच्या पत्रासारखाच निनावी. माणसं भराभर वाढतात, अन्न तेवढ्या वेगाने वाढत नाही, म्हणून गरिबांना सरकारी मदत देऊ नये, त्याने गरीबच वाढतील, असा त्याचा रोख. पुढे हाच गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला होता, तेव्हा हा विचार किती दूरवर पोचला असेल याची कल्पना करा.

माल्थसने लिहिलं तेव्हा जगात १०० कोटींच्या आसपास माणसं होती. आज ८०० कोटींहून जास्त आहेत, आणि दुष्काळात मरणाऱ्यांचं प्रमाण तेव्हापेक्षा खूप कमी आहे. एस्टर बोसरप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९६५ मध्ये उलटा मुद्दा मांडला: माणसं वाढली की तीच माणसं त्याच जमिनीतून जास्त काढायच्या युक्त्याही शोधतात. मार्क्स तर माल्थसवर भडकलेलाच होता. त्याचं म्हणणं, जास्तीची माणसं निसर्ग पैदा करत नाही, भांडवल करतं. बेकारांची फौज दाराशी उभी असली की मजुरी कमी देता येते. मला या दोघांपैकी कुणीही पूर्ण पटत नाही. बोसरपबाईंच्या युक्त्या जमिनीखालचं पाणी कायमचं पुरवू शकत नाहीत, आणि मालकवर्ग नसलेल्या देशांतही अन्नाचे हाल झालेच. पण 'मदत केली की मुलं वाढतात' हे मात्र सरळसरळ उलटं निघालं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

१९५० च्या सुमारास जगात जन्मलेल्या दर पाच मुलांमागे एकाहून जास्त मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत जायचं. आता साधारण २७ मागे एक जातं. कुणालाही वाटेल, एवढी मुलं वाचली म्हणजे गर्दी झालीच. काही काळ झालीही. पण मुलं जगायला लागल्यावर आईबापांनी पुढची मुलं होऊ देणं थांबवलं. तेव्हा जगात बाईमागे सरासरी पाच मुलं होती, आता सव्वादोनच्या आसपास आहेत. आधी मृत्यू कमी होतात, मग पिढी-दोन पिढ्यांनी जन्म कमी होतात, आणि मधल्या काळात लोकसंख्या फुगते. समाजशास्त्रात याला लोकसंख्या संक्रमण म्हणतात. ते बघायला लांब जायला नको. माझ्या आजीची नऊ, त्यातली राहिलेली पाच, त्या पाचांची प्रत्येकी दोन-तीन, आणि आमच्या पिढीत एक नाहीतर दोन. तुमच्या घरातही असंच असणार, आजोळची नावं बोटावर मोजून बघा. तुमच्या आजीला कुणी अट घातली होती का?

तुमच्याकडे येणाऱ्या बाई त्याच वाटेवर आहेत, फक्त तुमच्या मागून चालताहेत. (पत्रात तुम्ही त्यांना 'ती' म्हटलंय, मी 'त्या' म्हणते. सवय आहे, टोमणा नाही. बरं, थोडा आहे.)

"कळत कसं नाही" हे तुमचं दुसरं वाक्य. त्यावर एक जुनी हकिगत सांगते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाच्या लोकांनी पंजाबात खन्ना भागातल्या खेड्यांमध्ये मोठा प्रकल्प चालवला. घरोघर गर्भनिरोधक गोळ्या वाटायच्या आणि जन्मदर उतरतो का बघायचं. लोक गोळ्या आनंदाने घ्यायचे. गोळ्यांनी जन्मदर काही उतरला नाही. १९७० च्या सुमारास महमूद ममदानी हा तरुण अभ्यासक त्यातल्या मानूपूर गावात गेला, तेव्हा एका गावकऱ्याने त्याला गोळ्यांच्या डब्यांपासून केलेली शोभेची वस्तू दाखवली. पाहुणे एवढ्या लांबून येतात, नाही कसं म्हणायचं, म्हणून लोक डबे ठेवून घेत होते. आणखी एकाने तर तो प्रकल्पाचाच माणूस समजून त्याला ऐकवलं, की मी गरीब आहे, मला जास्त मुलं परवडणार नाहीत असं तुम्ही सांगत होतात. आज मला सहा मुलगे आणि दोन मुली आहेत, आणि त्यांच्यामुळेच मी आरामात घरी बसलोय.

त्याला कळत नव्हतं असं म्हणाल? त्याच्या परिस्थितीत मूल म्हणजे दोन हात होते, म्हातारपणची काठी होती. जॉन काल्डवेल या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९७६ मध्ये हे नेमकं पकडलं. त्याने विचारलं, घरात कमाई कुठून कुठे वाहते? मुलांकडून आईबापांकडे वाहत असेल, तर जास्त मुलं शहाणपणाची. ती आईबापांकडून मुलांकडे वाहायला लागली, की कमी मुलं शहाणपणाची. आणि हा प्रवाह उलटा फिरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या मते शाळा. मूल शाळेत गेलं की ते कमावत नाही, उलट वह्या-पुस्तकं मागतं आणि वर आईबापांना दोन गोष्टी ऐकवतं.

म्हणजे बघा, यजमान जी गोष्ट बंद करा म्हणताहेत, तीच गोष्ट त्यांना हवं ते घडवून आणणारी आहे. थोरलीची फी हा त्या घरातला उलटा प्रवाह आहे. शिवाय मुलगी जितकी वर्षं शाळेत टिकते तितकं तिचं लग्न पुढे जातं, पहिलं बाळंतपण पुढे जातं आणि मुलं कमी होतात, हे जगभर वारंवार दिसलेलं आहे. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यावर बाईमागे सहाहून जास्त मुलं होती. २००० च्या आसपास ती दोनवर आली. मुली शाळेत गेल्या होत्या, गावोगाव आरोग्यसेवा पोचली होती आणि साधनं सरकारी दवाखान्यात मिळत होती.

पण फक्त शाळा पुरे असंही नाही. बांगलादेश गरीब असतानाच तिथला आकडा सातच्या जवळून उतरत दोनच्या आसपास आला. तिथे मतलब नावाचाच एक तालुका आहे. १९७७ पासून तिथल्या निम्म्या भागात स्थानिक बायका घरोघर जाऊन साधनं देत, आणि मुख्य म्हणजे पुन्हा पुन्हा जाऊन त्रास होतोय का, बदलून हवंय का, हे विचारत. उरलेल्या भागात फक्त नेहमीची सरकारी सेवा. जन्मदर दोन्हीकडे उतरला, पण पहिल्या भागात जास्त लवकर. मानूपूरच्या घरांत गोळ्या होत्या, मतलबमध्ये चौकशी करणारी बाई होती.

आता अटीकडे येते, कारण अट या शब्दाला इतिहास आहे आणि तो ओंगळ आहे. १९७४ साली बुखारेस्टला जागतिक लोकसंख्या परिषद झाली. श्रीमंत देश म्हणत होते जन्म रोखा, गरीब देश म्हणत होते आधी आमचा विकास होऊ दे. 'विकास हेच उत्तम गर्भनिरोधक' हा विचार तिथे गाजला तो भारताचे आरोग्यमंत्री करण सिंह यांच्या तोंडून. आणि दोनच वर्षांनी, तेच मंत्री असताना, आणीबाणीत भारतात एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कुणाचा पगार अडवून, कुणाला रेशनकार्डाची भीती घालून. सरकार पडलं ते पडलंच, पण कुटुंब नियोजन या शब्दावरचा लोकांचा विश्वास उडाला आणि पुरुष नसबंदी तर तेव्हापासून जवळजवळ संपलीच. चीनने एका मुलाची सक्ती १९७९-८० पासून २०१५ पर्यंत चालवली. आता तिथलं सरकार तीन मुलांना परवानगी देऊन बसलंय आणि २०२२ पासून देशाची लोकसंख्या घटते आहे. उलट्या बाजूचंही सांगते. रोमानियात १९६६ मध्ये जन्म वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी आली. पुढच्या वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले, मग पुन्हा उतरत गेले, आणि चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या. नळ बंद करायचा असो की सोडायचा, बाईचं पोट हा नळ आहे असं समजलं की असंच होतं. १९९४ मध्ये कैरोला १७९ देशांनी मान्य केलं, की आकड्यांची उद्दिष्टं नकोत. बाईचं आरोग्य, तिचं शिक्षण आणि तिचा निर्णय यांवर काम करायचं. ते सगळीकडे पाळलं गेलं असं मुळीच नाही. पण ते उदार मनाने आलेलं वाक्य नव्हतं, हे सगळं करून हात पोळल्यावर आलेलं होतं.

तुमची अट लहान आहे, घरातली आहे, हेतू चांगला आहे. पण जात तीच आहे. मुलीची शाळा पुढे धरून आईचं शरीर मागायचं. तुम्हाला झोप लागत नाही ती बहुतेक म्हणूनच.

आणि त्या अटीत त्यांचा नवरा कुठे आहे हो? तुमच्या पत्रात तो सापडत नाही. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी असते, पोट उघडावं लागत नाही, माणूस लवकर कामावर जातो. तरी तुम्हाला, मला, सरकारला, सगळ्यांना ऑपरेशन म्हटलं की बाईच आठवते. पुढचं मूल व्हावं की नाही, हा निर्णय त्या घरात कोण घेतं, हे तुम्हाला माहीत आहे का? मला तर नाहीच.

तुमची ८०० कोटींची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. १५ नोव्हेंबर २०२२ ला तो आकडा पार झाल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं, आणि अकराच वर्षांत १०० कोटी वाढले हे दचकवणारं आहेच. नायजरसारख्या देशात आजही बाईमागे सहाच्या आसपास मुलं आहेत. तिथे शाळा बांधून होईपर्यंत तीत न मावणारी मुलं जन्मलेली असतात. लोकसंख्येचा प्रश्नच नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिथली मास्तरकी करून बघावी. पण वाढीचा वेग १९६० च्या दशकात वर्षाला दोन टक्क्यांच्या वर होता, तो आता एक टक्क्याच्याही खाली आहे. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा, की २०८० च्या दशकात १,०३० कोटींच्या आसपास जाऊन आकडा उतरायला लागेल. आता जी वाढ दिसते, तिच्यात मोठा वाटा आधीच जन्मलेल्या तरुण मुलांचा आहे. ती मोठी होणार, त्यांना एक-दोन मुलं होणार. चालती गाडी ब्रेक लावल्यावरही थोडी पुढे जातेच.

शिवाय गर्दी आपल्याला दिसते कुठे, हेही बघायला हवं. १९६८ मध्ये पॉल एर्लिक या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने, १९७० च्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरणार असं भाकीत केलं. तसं झालं नाही. त्याने लिहिलंय, की लोकसंख्येची भीती मनाने खरी जाणवली ती दिल्लीतल्या एका रात्रीच्या टॅक्सीप्रवासात, रस्त्यावरची माणसं बघून. त्या काळी पॅरिस दिल्लीहून कितीतरी मोठं होतं. पॅरिसच्या टॅक्सीत ही भीती कुणाला वाटल्याचं मी तरी वाचलं नाही. त्याला दिसली ती गरिबी, आणि त्याने नाव दिलं गर्दी.

आपलंही तसं होतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत १० टक्के माणसांच्या वाट्याला जवळपास निम्मं कार्बन उत्सर्जन येतं. तुमचं एकुलतं एक आणि त्यांची तीन, यांची वीज, प्रवास, कपडे, फेकलेल्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या तर ढीग कुणाचा उंच होईल? मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून नाही विचारत. माझाही ढीग उंचच आहे. पण 'लोकसंख्या' म्हणताना आपण स्वतःला कधी धरत नाही, एवढं खरं.

मग आता करायचं काय? आधी माफी. एका वाक्यात, भाषण नको. "त्या दिवशी मी चुकीचं बोलले." जमलं तर एवढं विचारा, "जो गेला तो किती मोठा होता?" आणि मग गप्प बसून ऐका. उत्तर नाही दिलं तरी चालेल.

फी थेट शाळेत भरा आणि तिचा बाळंतपणाशी संबंध जोडू नका, गमतीतही नाही. त्यांनी उद्या ऑपरेशन केलं तरी बक्षीस नको, नाही केलं तरी शिक्षा नको. हे ज्या वाचकांकडे कुणी कामाला आहे किंवा जे एखाद्या मुलाचा खर्च उचलतात, त्या सगळ्यांना लागू.

साधनांबद्दल स्वतःहून बोलायचं असेल तर एकदाच बोला, आणि ऑपरेशन हा एकच पर्याय नसतो हेही सांगा. तांबी आहे, इंजेक्शन आहे, निरोध आहे, नवऱ्याची नसबंदी आहे. तपासणीला जायला पगारी सुट्टी द्या. बरोबर जाऊ का, असं विचारा, पण डॉक्टरांच्या खोलीत शिरू नका. तिथे काय ठरलं ते तुम्हाला कळायची गरज नाही. हे तुम्हाला जड जाईल, पत्रावरून वाटतं.

बाळंतपणात पगार चालू ठेवणार आहात ना? ठेवा. सहा वर्षं काम करणाऱ्या बाईच्या म्हातारपणाची तजवीज म्हणून काही बाजूला पडतंय का, तेही बघा. आपल्याला पेन्शन आणि गुंतवणूक असते, म्हणून एका मुलावर थांबणं जमतं. ज्यांना ती नसते ते मुलांत गुंतवतात. त्यांच्या नावाने दरमहा काही साठत गेलं, तर त्या हिशेबात तुमच्या शंभर उपदेशांपेक्षा जास्त फरक पडेल.

यजमानांशी आकड्यांवरून भांडू नका, आकडे त्यांनाही येतात. त्यांच्या आजीला किती मुलं झाली आणि किती राहिली, एवढं विचारा. माहीत नसेल तर घरातल्या कुणा मोठ्यांना फोन करायला लावा.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. बाळ आलं की त्याला सांभाळायला घरी कोण बसणार? बहुतेक घरांत याचं उत्तर थोरली मुलगी असतं. फी भरलेली असते, वर्गात नाव असतं, आणि मुलगी बाळाला कडेवर घेऊन दारात उभी असते. अशा वेळी तुमची फी काही कामाची नाही. म्हणून बाळंतपणाची तारीख आणि सहामाही-वार्षिक परीक्षांच्या तारखा आत्ताच शेजारी लिहून बघा. बाई पुन्हा कामावर येतील तेव्हा बाळाला बरोबर आणलं तर तुमच्याकडे चालेल का, त्यांच्या वेळा मुलीच्या शाळेप्रमाणे मागेपुढे करता येतील का, जवळपास पाळणाघर आहे का, हे या आठवड्यात बघून ठेवा. माफी मागायला जाल तेव्हा हे विचारायलाही निमित्त होईल: "शाळा सुटते किती वाजता हिची?"